कपाटातल्या चिठ्ठ्या

सीमाभागातल्या वडगावच्या गल्ल्यांत नीलमला ओळखत नाही असं घर सापडणं कठीण. नवऱ्याचे कापड विणायचे दोन माग होते, ती स्वतः आठ वर्षं त्यांच्यासाठी सुताच्या कांड्या भरत होती. अशात एका संशोधन संस्थेनं तिला घरोघर फिरायच्या कामावर घेतलं. बायकांच्या अंगावरून पांढरं का जातं, खाज का सुटते, त्यात नवऱ्याकडून आलेला रोग किती आणि बाकीचं दुखणं किती, हे शोधायचं होतं. प्रत्येकीनं कापसाची काडी आपल्याच हातानं आत फिरवायची, नळीत बंद करायची आणि नीलमनं ती नळी शहरातल्या कॅम्प भागातल्या ऑफिसात पोचवायची, एवढंच काम.

एवढंच, पण सुरुवातीला बोलताना तिची जीभ अडखळायची. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, नाहीतर दार लावून घ्यायच्या. नीलम मात्र चिवट. "पंधरा दिवसांत रिपोर्ट मिळतोय, औषध फुकट," असं सांगून सांगून तिनं दोनशे बारा बायका तयार केल्या. शेजारची जयाबाई कितीतरी दिवस हटून बसली होती. तिला नीलमनं हाताला धरून न्हाणीपर्यंत नेलं. ही गोष्ट एप्रिलातली.

पंधरा दिवसांचे सात महिने झाले. फोन केला की ऑफिसातून एकच उत्तर यायचं, काम चालू आहे.

नोव्हेंबरात एका सकाळी जयाबाई मागाशेजारीच कोसळली. दवाखान्यात पोट उघडावं लागलं. गर्भ पिशवीत न राहता पिशवीच्या नळीतच वाढला होता आणि नळी फुटली होती. जीव वाचला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आत सगळं चिकटलंय. जुना संसर्ग दिसतोय, त्यानंच गर्भ नळीत अडकला. कधी तपासणी केली नव्हती का हिची?"

"केलती," नीलम म्हणाली, आणि पायात चपला सरकवून तडक कॅम्पात गेली.

ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा चकचकीत तक्ता नवीनच लागला होता. सगळा मजकूर इंग्रजीत, पण आकडे तिला वाचता येत होते. दोनशे बारा. त्याखाली एकावन्न. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. कुमार तिला बघून हसले. "या नीलमताई. हा तक्ता आम्ही दिल्लीच्या परिषदेत लावला होता. दोनशे बारांत एकावन्न जणींना संसर्ग निघाला. फार कौतुक झालं."

"व्ही एकशे चाळीस," नीलम म्हणाली. एप्रिलात जयाबाईच्या काडीच्या नळीवर हा नंबर तिनंच लिहिला होता. "ती एकावन्नात हाय का बघा."

त्यांनी संगणकात बघितलं. बघता बघता हसू मावळलं. होती. रिपोर्ट मे महिन्यातच आला होता.

"मग सांगितला का न्हाय?"

डॉक्टरांनी उठून कपाट उघडलं. आत बायकांच्या रिपोर्टच्या चिठ्ठ्या घातलेल्या पाकिटांचे गठ्ठे बांधून ठेवले होते. "मंजुरी अडकली हो. चिठ्ठीचा पहिला मसुदा इंग्रजीत होता. वरून आलं, कन्नडमध्ये करा. केला. मग कुणीतरी म्हणालं, तिथल्या बायका मराठी वाचतात. दोन्ही भाषांत करायचं तर परत समितीपुढं जायला हवं..."

नीलमची कानशिलं तापली. "खाज कानडीत सुटती का मराठीत, साहेब? मला सांगितलं असतं तर मी एकेकीला तोंडानं सांगून आले असते! दिल्लीला सांगायची मंजुरी मिळाली, आन् जयाबाईला सांगायची न्हाय?"

"हे बघा, मे महिन्यात औषध दिलं असतं तरी नळी वाचलीच असती, असं सांगता येत नाही."

"वाचली नसती, असं तरी सांगता येतंय व्हय?"

डॉक्टर कपाट लावायला वळले. नीलमनं खुर्ची ओढली आणि दारातच बसली. "उद्या सकाळी औषधं आन् डॉक्टरीण वडगावात पायजेत. न्हायतर दोनशे बारा जणी हितं आणते. कागद तुमच्याकडं असतील, नावं माझ्याकडं हायत."

दोन तास ती हलली नाही. डॉक्टरांनी चार फोन केले. दोन कन्नडमध्ये झाले, दोन इंग्रजीत. शेवटी तोंडी सांगायची परवानगी आली. दोन तासांत! ते ऐकून तिचा राग निवायच्या ऐवजी आणखी भडकला.

दवाखान्यात परत येऊन तिनं जयाबाईला काही न लपवता सगळं सांगितलं. जयाबाईनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू हात धरून नेलतीस गं मला."

नीलमला साहेबांवर ओरडणं सोपं गेलं होतं. पण पंधरा दिवसांचा शब्द वडगावात तिच्याच तोंडून गेला होता, आणि सात महिने फोनवरच्या उत्तरावर तीच गप्प बसली होती.

संध्याकाळी जयाबाईचा नवरा भरमू आला. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या त्यालाही घ्यायच्यात, असं नीलमनं म्हटल्यावर तो उसळला. "मला काय झालंय? रोग हिच्यात निघालाय!"

नीलम तोंड उघडणार, तेवढ्यात जयाबाई कोपरावर जोर देऊन अर्धी उठली. टाक्यांच्या कळेनं तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "लग्न झाल्यापासनं हा गाव सोडून मी कुठं गेलते, सांग. इचलकरंजीला महिना महिना कोण ऱ्हात होतं? सात दिवस गोळ्या घे, माझ्या म्होरं घे. न्हायतर मी त्या घरात पाय ठेवत न्हाय."

शेजारच्या खाटांवरच्या बायकांनी माना वळवल्या. भरमूनं एकदा इकडंतिकडं बघितलं, गोळी तोंडात टाकली आणि पाण्याशिवायच गिळली.

दुसऱ्या दिवशी वडगावातल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत एकेक बाई एकटीच आत बोलावली गेली. जयाबाई सोडून पन्नास जणी होत्या. कुणी रडली. एकीनं सात महिने कुठं मेलतीस म्हणून नीलमला तोंडावर शिव्या दिल्या, आणि नीलमनं त्या मान खाली घालून ऐकून घेतल्या. तीन नवऱ्यांनी औषध घ्यायचं नाकारलं. त्यांच्या दारात ती अजून जाते.

जयाबाई घरी आली, हिंडूफिरू लागली. नीलमशी मात्र ती बोलत नाही.