उधळलेली गोळी

केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या नेमबाजी क्लबात एक गोड थाप चालते. पाचांपैकी चार गोळ्या जवळजवळ बसल्या आणि एक लांब गेली, की त्या एकीला ‘उधळली’ म्हणायचं आणि मोजायचीच नाही. मीही वर्षभर तेच केलं. स्वतःशी खोटं बोलायला मला कुणी शिकवायची गरज पडली नाही.

माझी रायफल आखूड नळीची. चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते. रीतसर परवाना काढून मी ती स्वतः जुळवली होती. धाकट्या बहिणीचा नवरा ऑरिन ब्लेव्हिन्स हा क्लबचा कर्णधार. राज्याच्या सामन्यांसाठी तो चौघांचा संघ निवडत होता. तिघे ठरले होते आणि चौथी जागा मला हवी होती. एकसष्टाव्या वर्षी इतकं हवंसं दुसरं काही उरलं नव्हतं.

“वर्ना, ही बुटकी नुसता आवाज करते,” तो म्हणायचा. “त्यापेक्षा मक्याचा पाव घेऊन येत जा, तो तुला नेमका जमतो.”

मी चाप हलका करून घेतला, दुर्बिणीचे स्क्रू आवळले, पाच तऱ्हेच्या गोळ्या वापरून पाहिल्या. तरी चार गोळ्या कोटाच्या बटणाखाली झाकल्या जातील अशा, आणि एक दोन इंच डावीकडे. शेवटी एका शनिवारी हट्टाला पेटले. प्रत्येक गोळीनंतर दुर्बिणीतून निशाणाच्या कागदाकडे पाहून, कोणतं भोक कितव्या गोळीचं ते टिपलं. उधळत होती ती दर वेळी पहिलीच.

पहिली गोळी तेवढी मी हाताने भरते, बाकीच्या रायफल भरते. लहानपणी दार आपटलं की आई जेवायला वाढायची नाही. म्हणून गोळी भरायला मागे ओढलेला रायफलचा खटकाही मी हातात धरून, हळूच पुढे नेत होते. पण तो जोरात आपटल्याशिवाय गोळी नळीत धड बसतच नव्हती. दोष नळीचा नव्हता, माझ्यावरच्या संस्कारांचा होता! हसू आलं, आणि वाया गेलेल्या वर्षाचा रागही आला.

निवडीच्या दिवशी मी खटका मागे ओढला आणि खुशाल सोडून दिला. खाडकन आवाज झाला, ऑरिन दचकला. मी सावकाश पाच गोळ्या झाडल्या आणि रायफल रिकामी करून खाली ठेवली.

सगळ्या गोळ्या दीड इंचात बसायला हव्या होत्या. ऑरिन कागद घेऊन आला आणि, बहुधा नात्याखातर, हळू आवाजात म्हणाला, “एक सोडून देतो. सगळ्यांनाच देतो.”

“दे की,” मी म्हणाले. “कुठली सोडतोस, तेवढं दाखव.”

त्याने कागद उजेडात धरला. बोट एका भोकावर नेलं, मग दुसऱ्यावर, मग परत पहिल्यावर. माझी छाती फुटेल की काय असं मला वाटत होतं, अभिमानानेच. शेवटी त्याने बोट काढून घेतलं आणि तो मागे उभ्या असलेल्या तिघांकडे वळला.

“वर्ना येतेय आपल्याबरोबर,” तो म्हणाला. “आणि आजपासून तुम्हीही पाचच्या पाच मोजायच्या.”