सुपारीवर पारखलेला तुंबा

“गोजराबाईचा पोरगा सायकलवर बसत न्हाई, सायकल त्याच्यावर बसती.”

रिह्याचे हैबतराव हे पौडच्या जत्रेत बोलले, तेही तोंडातला विडा न काढता. बोलून ते विसरलेही असतील. पण अशा बोलण्याला पाय असतात. आठ दिवसांत ते घोटावड्याच्या पाणवठ्यावर पोचलं, पंधराव्या दिवशी नेऱ्याला गेलं, आणि पुढं वर्षभर गोजराबाई जिथं जाईल तिथं तिच्या आधी जाऊन बसलं. लग्नात पंगतीला बसावं तर वाढणारी बाई हसतेय. दळण घेऊन जावं तर गिरणीवाला विचारतोय, “काय वैनी, पोराचा खांदा बरा हाय का?”

बोलण्यात खोटं काही नव्हतं, हेच वाईट. दर चैत्रात पौडच्या जत्रेला सायकलींची शर्यत लागायची. चावडीपासून निघायचं, पिरंगुटचा घाट चढायचा, माथ्यावरच्या वडाला वळसा घालून परत चावडी गाठायची. पहिला येईल त्याला मानाचा नारळ. गेल्या साली गोजराबाईचा धाकटा लेक वाल्मीक वडाला वळसा घालून पहिला निघाला होता. घाट उतरताना मागचं चाक करकरलं आणि गच्च बसलं. पुढं सरेना, मागं फिरेना. तीन कोस त्यानं सायकल खांद्यावर आणली. नारळ तोवर हैबतरावांचा पुतण्या बाजी घेऊन घरी गेला होता.

गोजराबाईनं त्याच दिवशी निकाल दिला होता. चाकाच्या पोटातला तुंबा नासका, आणि तो विकणारा गेणबा चोर.

अवंदा शर्यत तोंडावर आली तशी तिनं वाल्मीकला सांगितलं, “दोनी चाकं नवी बांधायची. आनि तुंबा मी निवडनार.”

“आये, त्याला हब म्हनत्यात.”

“तुज्या बापाला मी अहो म्हनते, म्हनून तो काय दुसरा मानूस झाला?”

तिचे मालक कोंडाजी ओसरीवर दोरी वळत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या घरात फिरणारी वस्तू गोजराबाईनं पारखल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येत नसे, ही रीतच होती. जात्याची तळी तिनं निवडलेली. मोटेचं चाक तिनं निवडलेलं. बैलगाडीची चाकं करायला सुताराकडं टाकली की बाभळीचा तुंबा ती आधी वाजवून बघायची, मग सुतारानं आरे ठोकायचे. अक्षराशी तिचं जमलं नव्हतं. शाळेत दोन पावसाळे काढून मास्तरालाच कंटाळा आणून आली होती. पण फिरणारी वस्तू खरी का खोटी, ते तिला कानानं कळायचं.

गेणबाचं दुकान पिरंगुटात, रस्त्याला लागून. वर पत्रा, खाली तेलानं काळी झालेली जमीन. गोजराबाई वाल्मीकला घेऊन आत शिरली आणि पदरातून एक चिंधी काढून तिनं गेणबाच्या पुढ्यात आपटली. चिंधीत गेल्या सालचा गच्च बसलेला हब होता. वर्षभर तिनं तो कणगीमागं जपून ठेवला होता, याच दिवसासाठी.

“हा तुजा माल. खोलून दाव मला, आत काय भरलं हुतंस.”

“मावशी, बसा तरी. च्या सांगू का?”

“च्या मागनं. आधी खोल.”

गेणबा भांडखोर माणूस नव्हता. त्यानं हब शिकंज्यात धरला, दोन पाने लावले, आखावरचा नट जोर लावून काढला. मग छर्रे दाबून धरणारी बशीसारखी चकती, तिला तो कोन म्हणायचा, ती काढली आणि हब कागदावर उपडा केला. चाक हलकं फिरवणारे पोलादी छर्रे गळून पडायला हवे होते. पडला तो काळा, घट्ट लगदा. त्यात फुटलेले छर्रे, डाळीत खडे असावेत तसे.

गेणबानं बोटावर थोडा लगदा घेतला, हुंगला, आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

“हे माजं न्हाई, मावशी. मी पातळ तेल घालतो, दोन थेंब. हे गाडीचं वंगन हाय. करंजाचं तेल आनि जाळल्या चिंध्यांची राख. लाकडाच्या तुंब्याला झ्याक. पन ह्या छर्‍यांना राख म्हंजी वाळू. घाट उतरताना तापलं असंल आनि बसलं असंल दातखिळी बसल्यागत. कुनी घातलं हे?”

वास गोजराबाईला त्याच्याही आधी आला होता. हा वास तिच्या परसातल्या गाडीखाली टांगलेल्या बांबूच्या नळीचा होता. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पोरगा जेवायला बसला तेव्हा तिनं मायेनं सायकल आडवी पाडली होती. तुंब्यावरचं तेलाचं झाकण उचकटून काडीनं आत वंगण कोंबलं होतं. गाडीच्या आखाला भरतात तसं, कडेनं बाहेर येईपर्यंत. चाक हलकं फिरावं म्हणून. बैलाला जास्त पेंड घालावी तसं.

तिनं लेकाकडं बघितलं. वाल्मीक भिंतीवर टांगलेले टायर मोजत होता.

“तुला ठावं हुतं.”

“घाटातच कळलं, आये. हात काळे झाले माजे. वास आला.”

“आनि वरीसभर लोक दात काढत हुते ते?”

“त्ये माज्यावर काढत हुते. काढूद्यात. तुज्यावर काढले असते तर कुनाचंतरी डोस्कं फुटलं असतं.”

गेणबा उगीचच पाना पुसत राहिला. गोजराबाई गप्प बसली, आणि ती गप्प बसली हे पिरंगुटात पुढं बरेच दिवस सांगितलं गेलं. मग तिनं पदर खोचला.

“गेणबा, तुला मी गावभर चोर म्हनले. त्ये चुकलं. आता तुंबे काढ.”

रिम आणि आरे ठरायला वेळ लागला नाही. हलकी रिम, बारीक आरे, मागच्या चाकाला आरे जास्त, कारण माणसाचं सगळं वजन मागं. अडलं ते हबापाशी. गेणबानं बाकावर तीन जोड मांडले. पहिला जोड बाहेरदेशचा, नवाकोरा, इतका चकचकीत की त्यात पत्र्याची भोकंसुद्धा दिसत होती. बाजीच्या सायकलीला हाच होता. दुसरा देशी, साधा. तिसरा जोड गेणबानं डब्यातून नाखुशीनंच काढला. धरणावरचा एक साहेब जाताना मोडकी सायकल टाकून गेला होता, तिचा. कळाहीन, राखाडी, एका कडेला ओरखडा.

“हा घ्या,” गेणबा चकचकीत जोडावर बोट ठेवत म्हणाला. “शर्यतवाले समदे हाच घेत्यात.”

वाल्मीकचा हात त्या जोडाकडं गेलाच होता.

“तोंड बघायला आरसा हाय माज्या घरी,” गोजराबाई म्हणाली. “एक दोरा दे. आनि थांब.”

तिनं चंचीतून एक सुपारी काढली, अख्खी. दोऱ्यानं ती चकचकीत हबाच्या कडेला, आरा घालायच्या एका भोकात, आखूड बांधली. मग आखाची दोन टोकं दोन हातांच्या बोटांत आडवी धरली, सुपारी बाजूला येईल असा हब वाल्मीकला धरायला लावला, आणि म्हणाली, “सोड.”

सुपारी खाली आली. एकदा पलीकडं गेली, अर्धी परत आली, आणि उभी राहिली.

“कोन जरा आवळलाय. सैल करतो,” गेणबा म्हणाला. त्यानं सैल केला. सुपारी चारदा झुलली, पण आख बोटांत खडखडायला लागला. गोजराबाईनं आखाचं टोक कानामागच्या हाडाला टेकवलं आणि हब फिरवला.

“आत बोरीचं झाड हाय. काटं वाजत्यात. वरनं पालीश केलं, आत कुनी बघनार न्हाई म्हनून सोडलं. नवऱ्या मुलासारखं.”

देशी जोड बरा निघाला. सहा झोके. गोजराबाईनं तो बाजूला ठेवला, नाकारला नाही. मग साहेबाचा राखाडी हब घेतला. सुपारी सुटली. खाली आली, पलीकडं चढली, परत आली, परत गेली. वाल्मीक तोंडानं मोजायला लागला आणि नवानंतर थांबला, कारण झोके इतके बारीक झाले की मोजता येईनात, पण थांबेनात. तिनं हब हाडाला लावला. काही ऐकू येईना. पोटभर जेवून झोपलेल्या मांजराइतकाही आवाज नाही.

“हा.”

“मावशी, लोक हसतील. भंगारातला हाय.”

“लोकांची सवय हाय ती. वरीसभर झाली.” तिनं हबावरचं तेलाचं झाकण नखानं उघडून बघितलं आणि बंद केलं. “ह्यात तेल तू घालायचं. मी बोट लावनार न्हाई. लावलं तर बोट तोड माजं.”

चाकं बांधायला दोन दिवस लागले. गोजराबाई दोन्ही दिवस भाकरी बांधून घेऊन आली आणि पोत्यावर बसून राहिली. गेणबा आरे भरायचा, मग चाक चिमट्यात धरून फिरवायचा आणि जिथं डुलेल तिथं आरा आवळायचा. याला तो आऊट काढणं म्हणायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, “झालं.” गोजराबाईनं नखानं एकेक आरा छेडला. सतराव्या आऱ्याला थांबली.

“हा रुसलाय.”

गेणबानं किल्ली लावली. अर्धा आटा. मग तो तिच्याकडं बघत म्हणाला, “मावशी, तुमी दुकान टाका. मी मोट हाकतो.”

चैत्रातल्या त्या दिवशी गोजराबाई पौडच्या चावडीपुढं उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. सायकली निघताना कुणीतरी राखाडी तुंबा बघून बोललंच, “भंगारवाल्यानं सायकल काढली रं.” वाल्मीक हसला आणि गेला. पुढचे दोन तास ती रस्त्याकडं डोळे लावून उभी राहिली. शेजारच्या सारजाबाईनं चुरमुरे पुढं केले, तेही तिनं घेतले नाहीत.

पौडच्या अलीकडं रस्ता एका लांब उतारानं गावात येतो. उताराच्या माथ्यावर आधी धुरळा दिसला, मग त्यात दोन सायकली. पुढची बाजीची.

“आली आमची,” हैबतराव म्हणाले.

बाजी सपासप पायडल हाणत होता. मागं वाल्मीक. आणि वाल्मीकचे पाय थांबलेले होते. परत बसलं चाक, गोजराबाईला वाटलं. परत खांदा.

पण चाक बसलं नव्हतं. ते मोकळं धावत होतं. वाल्मीक नुसता वाकून बसला होता, पायांना विसावा देत, आणि सायकल आपली आपण उतार गिळत होती. बाजी पायडल हाणत होता आणि तरी मागं पडत होता. दोघं शेजारी आले तेव्हा लोक ओरडायचे थांबले, कारण असं कुणी बघितलं नव्हतं. एक जण घामानं निथळत रेटतोय आणि दुसरा ओसरीवर बसल्यासारखा त्याच्या पुढं जातोय. उतार संपला. वाल्मीकनं साठवलेले पाय आता हाणले, आणि चावडीची दोरी तोडली तेव्हा बाजी चार बैलगाड्या मागं होता.

नारळ द्यायचा मान गेल्या सालच्या जिंकणाऱ्या घराचा. म्हणजे हैबतरावांचाच. त्यांनी दिला, नीट दिला, पण जिभेला चैन पडेना.

“अवंदा सायकल बसली न्हाई वाटतं पोरावर. लई किमती हब घातला का, गोजराबाई?”

सगळे ऐकायला वळले. तिला नुसतं “व्हय” म्हणता आलं असतं. वर्षाचं उट्टं तेवढ्यात निघालं असतं.

“भंगारातला हाय. सुपारीवर पारखून घेतला,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “आनि गेल्या साली बी सायकल त्याच्यावर बसली न्हवती, हैबतराव. मी बसले हुते. गाडीचं वंगन म्या कोंबलं हुतं त्याच्या चाकात, ह्या हातानं. त्याला घाटातच कळलं. तीन कोस सायकल वाहिली, वरीसभर तुमची वाकडी बोलनी वाहिली, आनि आईचं नाव तोंडातनं काढलं न्हाई. आता तुमीच सांगा, रिह्यात हाय का असल्या खांद्याचा पोरगा?”

हैबतरावांनी तोंडातला विडा इकडून तिकडं केला. पहिल्यांदाच त्यांना बोलायच्या आधी तो थुंकावा लागला.

“न्हाई,” ते म्हणाले. “रिह्यात न्हाई.”

त्या बोलण्यालाही पाय फुटले. आठ दिवसांत ते घोटावड्याच्या पाणवठ्यावर पोचलं, पंधराव्या दिवशी नेऱ्याला गेलं. गोजराबाई त्याच्या मागोमाग हिंडली, प्रत्येक लग्नाला, प्रत्येक पंगतीला, आणि वाढणाऱ्या बाईला म्हणायची, “वाढ बाई, हात आखडू नको. पोराचा खांदा बरा हाय माज्या.”

परसातली वंगणाची नळी तिनं गाडीखाली दुसऱ्या बाजूला टांगली, सायकल ठेवतात तिथून लांब. वर एक चिंधी बांधली, लाल.