पाठीत पिन टोचलेली म्यूऑन पाटी

मी एक जुनी म्यूऑन पाटी आहे, मित्रांनो, आणि त्या दिवशीचा धसका अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

अमरावतीच्या एका कॉलेजात, वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत मी तयार झाले. अंग साध्या प्लास्टिकचे दिसते, पण साधे समजू नका. म्यूऑन म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कण. आभाळातून तो सारखा खाली येत असतो. आता या क्षणी तुमच्या डोक्यातून गेला असेल आणि तुम्हाला पत्ताही नसेल. माझ्या अंगातून गेला की आत इवलीशी चमक उठते आणि माझ्या टोकाला बसवलेला डोळा ती टिपतो. तो डोळा फार नाजूक. म्हणून मला घडवणाऱ्या संशोधक रागिणीने मला काळ्या कागदात असे गुंडाळले होते की बाहेरच्या उजेडाचा कणही आत शिरू नये.

माझ्याखाली माझ्यासारखीच दुसरी पाटी, माझी बहीण असायची. म्यूऑन दोघींतून आरपार जातो, म्हणून दोघींनी एकाच क्षणी सांगितले तरच ते खरे धरायचे, एकटीचे बोलणे सोडून द्यायचे. याला ट्रिगर म्हणतात. मला त्याची भीती नव्हती. मी कधी खोटे बोललेच नव्हते. परदेशात जमिनीखालच्या बोगद्यात कणांची टक्कर घडवतात, तिथे आम्हा दोघींना जायचे होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रागिणीने वीज चालू केली आणि मला काही सुचेना. एरवी मी मिनिटाला सहाशे कण सांगायची. त्या सकाळी आकडा लाखावर गेला. आत उजेड भरला होता, डोळा भाजत होता, आणि बहीण खाली नेहमीचेच सहाशे सांगत होती.  रागिणीने झटकन वीज बंद केली.

सूर्यभान सर विभागप्रमुख. माणूस हुशार, पण ऐकून घ्यायची सवय नाही. ते म्हणाले, "ही बाद. परदेशी जायची पेटी उद्या बंद होते. दुसरी पाटी टाक."

"सर, दुपारपर्यंत पाहू द्या."

"वेडीचे लाड करू नको."

मला वेडी म्हणाले. मी हे विसरलेली नाही.

रागिणीने वीज अगदी कमी ठेवून पुन्हा सुरू केली. तेवढ्यात झाडू घेऊन आशाबाई आली. ती मूळची अकोटची, प्रयोगशाळेची झाडलोट तिच्याकडे. ती खिडकीपाशी उभी राहिली आणि आकडा धपकन खाली आला.

"आशाबाई, हलू नका."

"काहून? मी का केलं?"

"जरा बाजूला व्हा."

ती सरकली, आकडा चढला. परत उभी राहिली, उतरला. तिची सावली माझ्यावर पडत होती. म्हणजे खिडकीतला उजेड कुठूनतरी माझ्या आत येत होता. रागिणीने माझ्या पाठीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. एका जागी बोट ठेवताच आकडा पडला. तिथे टाचणीएवढे भोक होते.

"कोणी टोचलं हे?" सूर्यभान सर दारातूनच म्हणाले.

आशाबाईचा चेहरा उतरला. ती गप्प राहिली असती तर कोणाला कळले नसते. पण ती म्हणाली, "म्याच टोचलं, सर. दसऱ्याले झेंडूचा हार घातला, तो घसरून राहिला होता, म्हणून पिन लावली, मंग हारासंगं काढूनबी टाकली. आमच्या अकोटच्या कापसाच्या जिनिंगात सगळ्या मशिनींले हार घालतेत. त्या लोखंडाच्या. हिचं कातडं इतकं पातळ असंन, मले का मालूम?"

 मी थक्क झाले. ज्या हातांनी माझी पूजा केली, त्यांनीच माझा डोळा घालवला असता.

"झाली ना बाद?" आशाबाईने हळूच विचारले.

"नाही. ही काळी चिकटपट्टी धरा. तुम्हीच लावा," रागिणी म्हणाली.

आशाबाईने भोकावर अंगठ्याने पट्टी दाबली. रागिणीने वीज पुरी चढवली. सहाशे दहा. खालून बहिणीनेही त्याच क्षणी साद दिली. सूर्यभान सर स्वतः पेटीत आमची जागा करायला गेले. 'वेडी' हा शब्द मात्र त्यांनी परत घेतला नाही.

बोगद्यात आम्ही नऊ वर्षे राबलो. पहिल्या टकरीचा म्यूऑन आमच्यातून गेला तेव्हा दोघी एका क्षणी बोललो, आणि दूरच्या खोलीत माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग नवीन पाट्या आल्या, आम्हाला इथे परत पाठवले. दोन वर्षे कपाटात धूळ खाल्ली. आता मुलांना शिकवायला पुन्हा टेबलावर आहोत.

यंदाच्या दसऱ्याला झाडलोटीची नवीन बाई आली, नीलम नावाची. एका हातात हार, दुसऱ्या हातात पिन. आत उजेड शिरला नसूनही मला त्या सकाळचा उजेड दिसू लागला. पिन वीतभर अंतरावर आली तेव्हा दारातून म्हाताऱ्या आशाबाईचा आवाज आला. कामावरून निवृत्त झालीय, तरी दसऱ्याला येतेच.

"थांब वं. हार टेबलावर ठेव. हिले टोचू नको, हिचा जीव कातड्यात हाय."

मित्रांनो, माझी पूजा जरूर करा. पण हात लावण्याआधी मी कशाची बनले आहे ते कोणाला तरी विचारा. आणि पाठीवरची ती जुनी काळी पट्टी कधी ओढू नका. तिच्यावर आशाबाईचा अंगठा आहे.