अ‍ॅसिटोन कुठेय, वहिनी?

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मदतीला आल्यापासून माझं डोकं उठलंय. ‘वहिनी, हँगर कुठेत?’ दांडीवर! ‘वहिनी, इस्त्री बंद करू?’ करा! ‘वहिनी, हा शर्ट निळा म्हणायचा की जांभळा?’ अहो, काय वाट्टेल ते म्हणा, पण मला जगू द्या!

बरं, काम अवघड असलं की मात्र तोंडाला कुलूप. लोकरीचा कोट गरम पाण्यात बुचकळला, तेव्हा नाही कुणाला विचारलं. बाहुलीला बसेल एवढा झाला तो. तेव्हापासून भाऊजी गप्प झाले की मी आधी जाऊन बघते, आता काय बुचकळतायत.

आज सकाळी पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. हातात त्यांच्या गेलेल्या आईचा मोतिया रंगाचा जुना ड्रेस. ‘आईची एवढीच वस्तू उरलीय. लेक उद्या लग्नात घालणार आहे,’ म्हणाल्या. पुढेच नेलपॉलिशचा डाग. मी म्हटलं, काळजी करू नका, दुपारनंतर या. डाग मीच काढणार होते. आतल्या शिवणीतला दोरा काढून कापड कुठलं ते आधी तपासायचं, मगच हात लावायचा.

तेवढ्यात बॉयलर रुसला. दुपार झाली तरी मी मागे त्याच्याशी झटतेय आणि पुढून हाका चालूच.

‘वहिनी, कापूस कुठेय?’

‘खणात!’

‘वहिनी, अ‍ॅसिटोन कुठेय?’

‘अहो, निळ्या कपाटात, डोळ्यांसमोर! डोळे काय गहाण टाकलेत?’

मग हाका थांबल्या. माझ्या लक्षात यायला जरा वेळच लागला. हातातला पाना टाकून धावले.

ड्रेसला तळहाताएवढं भोक पडलं होतं. कडा चिकट झालेल्या. रेशमासारखं दिसतं, पण अ‍ॅसिटोन लागलं की विरघळतं, त्यातलं कापड होतं ते.

‘मला विचारायचं नाही का हो!’ मी किंचाळले.

‘विचारलं की,’ भाऊजी रडवेले झाले. ‘तूच म्हणालीस, निळ्या कपाटात.’

अस्सा संताप आला! कुठेय ते विचारलंत, लावू का ते नाही विचारलंत! हे ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कशाला हवंय, एवढं तरी मी कुठे विचारलं होतं?

काचेच्या दारापलीकडे नर्सबाई दिसल्या. लेकीला घेऊन आल्या होत्या, दोघी हसत होत्या. भाऊजींनी ड्रेस पोटाशी धरला.

‘वहिनी, काय सांगायचं त्यांना?’

दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मला अवघड गोष्ट विचारली होती.