नळी असलेली प्रत

थर: पार्श्वभूमी

मामा गेले. शोकसभेसाठी हॉल घेतला. पत्रिका, दारातला फलक, मंचामागचा मोठा फ्लेक्स, सगळं भाचीकडे. ती डिझायनर. धड फोटो एकच सापडला, आजारपणातला. हसरा, पण नाकात ऑक्सिजनची नळी.

"तेवढी नळी काढ गं," मामी म्हणाली. "कोणी भेटायला आलं की आधी ती ओढून काढायचे. लाज वाटायची त्यांना."

थर: फोटो

भाचीने फोटोचा स्मार्ट ऑब्जेक्ट केला. म्हणजे मूळ एक, त्याच्या प्रती हव्या तिथे. मूळ बदललं की प्रती आपोआप बदलतात.

"एकदा पुसली की सगळीकडून गेली!" तिने चुटकी वाजवली. "उगाच नाही पगार घेत."

"बरं बाई, शहाणी आहेस."

पुसली. पत्रिकेवर मामा मोकळे. फलकावरही.

थर: फोटो, प्रत

फ्लेक्सवरची प्रत तिने घाईत दुसऱ्याच आज्ञेने केली होती. त्या आज्ञेने प्रत मुळापासून तुटते, स्वतंत्र होते. हे ती क्लासमध्ये शिकवते. फ्लेक्सचं पान तिने पुन्हा उघडून पाहिलंच नाही.

सभेआधी हॉलमध्ये फ्लेक्स उलगडला. नळी हातभर लांब झाली होती.

थर: लपवलेला

"प्रिंटरवाल्याने घोळ घातला," भाची म्हणाली. "मेल्याने जुनीच फाइल छापली."

मामीने तिथल्या तिथे फोन लावला. स्पीकरवर.

"अहो दादा, नळीवाली जुनी फाइल कशी छापलीत?"

"जुनी? एकच तर आली होती, वहिनी. पण असू दे, दुसरा छापून देतो. ताईंना सांगा, नळी काढलेली पाठवा."

मामीने भाचीकडे पाहिलं. भाची फ्लेक्सची दोरी पुन्हा पुन्हा घट्ट करत होती. ती आधीच घट्ट होती.

"सांगते," मामी म्हणाली आणि फोन ठेवला.

"मामी, मी..."

"लोक येतील आता. खुर्च्या फिरव. तोंडं दाराकडे."

सगळ्या खुर्च्या भाचीने एकटीने फिरवल्या. मदतीला आलेल्या दोघांना तिने हात लावू दिला नाही.

पहिले आले ते मामांचे ऑफिसातले मित्र. "वहिनी, मंचाकडे पाठ?"

"मंचावरचे दिवे डोळ्यावर येतात हो," मामी म्हणाली. "बसा ना."

दिवे लागलेलेच नव्हते. भाचीने धावत जाऊन ते लावले.