झोपलेल्या माणसाचं मीटर

ताईने ट्रेलर घेतला तेव्हा मी घाबरले नाही, कारण तो जागचा हलेल असं मला वाटलंच नव्हतं. गाडीमागे ओढायचा, आत दोन बाकं आणि एक बेसिन, एका खिडकीची काच चिकटपट्टीने धरलेली असा तो डबा घराशेजारच्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहिला आणि ताई म्हणाली, "बारके, गाद्यांचं माप घे." मी सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवते. माप घेतलं, गाद्या शिवून दिल्या. महिन्याभरात काच बसली, टायर बदलले, आणि माझ्या लक्षात आलं की ही बाई खरंच जाणार. एकटी. तळ्यापलीकडच्या डोंगरात, जिथे विजेचा खांब नाही, तिथे चार रात्री राहणार आणि मग जमलं तर आणखी पुढे.

ताईचा झोपेत श्वास थांबतो. म्हणून ती नाकावर मास्क लावून झोपते आणि उशाशी बुटाच्या खोक्याएवढं एक मशीन तिच्यात हवा ढकलत राहतं. मशीन येण्याआधीचं मी एकदा पाहिलंय. भर दुपारी ती सोफ्यावर लवंडली होती आणि मी समोर सुईत दोरा ओवत होते. घोरणं बंद झालं. मला आधी हायसं वाटलं. मग पुढचा श्वास येईचना. मी मोजायला लागले. बाविसाला तिने बुडत्या माणसासारखा हिसका देऊन श्वास ओढला, कूस बदलली आणि झोपून गेली. तिला काही पत्ताच नाही. मला मात्र त्या दिवसापासून घरातली शांतता नकोशी झाली.

तर डोंगरात मशीन चालवायचं म्हणजे सोलर हवं आणि ते परवडायला हवं. आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदार तिशीचा, शर्टाच्या खिशात टेस्टर. मी ताई म्हणते म्हणून तोही तिला ताई म्हणाला आणि मला मावशी. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

"पॅनेल नंतर बघा," तो म्हणाला. "आधी सांगा, रोज लागणार किती? दिवा, मोबाइल किरकोळ. मशीनचं काय?"

"अडॅप्टरवर नव्वद वॅट लिहिलंय," ताई म्हणाली.

"ती त्याची ऐपत झाली, भूक नव्हे. भूक मोजावी लागते." त्याने कागदावर दोन चौकोन काढले. "तीस-चाळीसच्या आत असेल तर काम स्वस्तात होतं. छपरावर एक पॅनेल, शंभर अँपिअर-आवरची साधी बॅटरी, झालं. ऐंशीच्या वर गेलं तर लिथियमच्या दोन मोठ्या बॅटऱ्या. पॅनेलंही इतकी लागतील की तुमचं छप्पर पुरणार नाही. पैसे म्हणाल तर ट्रेलरपेक्षा जास्त."

"अँपिअर काय?" मी विचारलं.

"आवर."

"हिला चाळीस वर्षं तेच सांगतेय," ताई म्हणाली. "ही काही आवरत नाही."

दुकानदार हसला. मी हसले नाही. दोन चौकोनांपैकी दुसऱ्याकडे माझे डोळे लागले होते. ट्रेलरपेक्षा जास्त. एवढे पैसे ताईकडे नाहीत हे मला माहीत होतं.

त्याने एक छोटं मीटर दिलं. भिंतीतला प्लग आणि मशीन यांच्या मध्ये खोचायचं, त्या घटकेला किती वॅट चाललेत ते दिसतं, मागचं काही त्यात राहत नाही. "पण माणूस झोपलेला असताना वाचा," तो म्हणाला. "श्वासाबरोबर कमीजास्त होतं. जागेपणी लावून बघाल तर चुकेल."

ताई एकतीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचत होती. कुत्री अंगावर आली, लोकांनी दारं लावून घेतली, पण अंदाजे आकडा तिने कधी टाकला नाही. तिला हसूच आलं. "म्हणजे जगातलं एकच मीटर मला वाचता येणार नाही," ती मला म्हणाली, "आणि ते नेमकं माझंच. तू वाच."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती मास्क लावून आडवी झाली. मी स्टूल घेऊन प्लगपाशी बसले. मीटरवर एकतीस आलं. मग चौतीस. छत्तीस. परत चौतीस. तासभर मी त्या आकड्यांकडे बघत होते आणि ते चाळीसवर जायला तयार नव्हते. स्वस्तात काम होणार होतं. मला डोंगर दिसायला लागला. एखादी वायर सुटलेली, दिवसभर ढग, मशीन बंद, आणि मोजायला कोणी नाही.

ताई उठली. मास्कचे वळ गालावर तसेच. "किती?"

"अठ्ठ्याऐंशी," मी म्हणाले.

नव्वद म्हटलं असतं तर अडॅप्टरवरून उचलल्यासारखं वाटलं असतं, एवढी अक्कल मला त्या क्षणीही होती.

"नक्की?"

"दोनदा शहाऐंशीवर आलं होतं."

तिने वहीत तारीख घातली, वेळ घातली आणि अठ्ठ्याऐंशी लिहिलं. माझ्याकडे पुन्हा बघितलंही नाही. तेवढा विश्वास ठेवायची तिला गरज नव्हती.

दुकानदाराने फोनवर "जरा जास्तच वाटतंय" म्हटलं, पण मशीन जुनं असेल असंही त्यानेच म्हटलं. ताईने हिशेब करून बघितला आणि वही मिटली. तीन दिवस ती ट्रेलरकडे फिरकली नाही. मी निवांत सीटा शिवल्या. वाईट वाटत होतं, पण निवांत.

चौथ्या दिवशी ती माझ्या कामाच्या टेबलावर एक जुना गाऊन आणि एक रबरी चेंडू घेऊन आली.

"याला पाठीच्या मधोमध खिसा शिव. चेंडू आत घालून तोंड बंद कर."

"कशाला?"

"उताणं झोपलं की माझा श्वास जास्त अडतो. चेंडू टोचला की माणूस कुशीवर होतो. दवाखान्यातली बाई सांगत होती. चार रात्रींचा तर प्रश्न आहे. मशीनशिवाय जाते."

माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली. "डॉक्टरांना विचारलंस?"

"नाही. ते नाही म्हणतील."

"मीही नाही म्हणतेय."

"तू सगळ्यालाच नाही म्हणतेस, बारके. मी तुला विचारत नाहीये, खिसा मागतेय. तुला नसेल जमत तर मी पिनांनी लावते."

पिना पाठीत घुसतील म्हणून मी खिसा शिवला. हे ऐकायला वेडेपणाचं वाटेल, पण तेव्हा मला त्या पिनांची काळजी वाटली. दुहेरी शिलाई घातली. सरळ रेघ मारायला तीनदा उसवावं लागलं, आणि मी तीस वर्षं शिवतेय.

"आज दुपारीच करून बघते," ताई म्हणाली. "ट्रेलरमध्येच झोपते. तू हवं तर बस."

ट्रेलरमध्ये मी शिवलेल्या गादीवर ती कुशीवर झाली. मी समोरच्या बाकावर बसले, गुडघे तिच्या गादीला टेकलेले. पत्र्याखाली उकडत होतं. पाच मिनिटांत ती घोरायला लागली. आधी ठीक चाललं होतं. मग चेंडूला न जुमानता खांदा हळूहळू मागे कलला आणि आवाज थांबला.

मी मोजायला लागले. दहा. तिच्या छातीचा कापडाखाली नुसता प्रयत्न चाललेला दिसत होता, हवा आत जात नव्हती. अठरा. बावीस गेलं. पंचवीस. ओठांचा रंग मला बदललेला वाटला, कदाचित खिडकीच्या पडद्याची सावली असेल. एकोणतीस. एकतीसला मी तिचा खांदा धरून गदागदा हलवला आणि नाव घेऊन ओरडले. एरवी मी तिला नावाने कधीच हाक मारत नाही.

तिने घशातून चमत्कारिक आवाज काढत श्वास घेतला आणि डोळे उघडले. "काय गं, आग लागली?"

"चौतीस," मी म्हणाले.

"काय चौतीस?"

"मशीन. चौतीस वॅट. जास्तीत जास्त छत्तीस. मी खोटं सांगितलं. तू जाऊ नयेस म्हणून." मग मी रडायला लागले, आणि रडताना नाक पुसायला काही नव्हतं म्हणून नवाकोरा पडदा वापरला.

ताई उठून बसली. पाठीवरचा चेंडू भिंतीला लागून दबला. तिने माझ्या हातातून पडदा काढून सरळ केला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"एकतीस वर्षांत मी कोणाच्या घरचा आकडा बदलला नाही," शेवटी ती म्हणाली. "लोक पैसे द्यायचे."

"माहीत आहे."

"आणि माझा आकडा तू बदललास."

"मला भीती वाटते, ताई."

"ती मलाही वाटते. तू मोजतेस तरी. मी तर झोपलेली असते." ती खाली उतरली आणि चप्पल शोधायला लागली. "दुकानात मी एकटी जाते."

एकटी गेली. संध्याकाळी छपरावर बसेल असं एक पॅनेल, एक साधी बॅटरी, पॅनेलची वीज बॅटरीत बेताने सोडणारा एक कंट्रोलर आणि त्या बॅटरीवरच मशीन थेट चालवायची एक वायर घेऊन आली. इन्व्हर्टर घेऊच नका, निम्मं तोच खाईल, असं दुकानदार म्हणाला होता. हे तिने मला नाही सांगितलं, शेजारणीला सांगितलं, माझ्यासमोर, मला ऐकू जाईल अशा आवाजात. आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल, उलटं केलं तर कंट्रोलर जातो, हेही शेजारणीलाच. सगळं तिने स्वतः बसवलं. मी शिडी धरली. शिडी धरू दिली, एवढंच.

जायच्या दिवशी ती म्हणाली, "सकाळी सातला फोन करेन." मला बोलायचा हक्क उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. फोन वाजला नाही. सव्वासात. साडेसात. मी लावला तर संपर्काबाहेर. वायर सैल झाली असेल. झाडाची सावली पॅनेलवर पडून बॅटरी भरलीच नसेल. चौतीस खरंच होतं ना? मी तासभरच वाचलं होतं. पहाटे जास्त लागत असेल तर? मी कोणाला फोन करायचा, काय सांगायचं, तिथे पोचायला किती वेळ लागेल, याचा हिशेब करत स्वयंपाकघरात उभी होते.

आठला दहा कमी असताना फोन वाजला.

"इथे रेंज नाही," ताई म्हणाली. "टेकडीवर चढून आलेय. दम लागलाय."

मी तो दम ऐकत राहिले. आत, बाहेर, आत, बाहेर.

"आहेस का?"

"आहे. मशीन चाललं?"

"चाललं."

"सकाळी बॅटरीत किती उरलं होतं?"

"तुला आकडे सांगायचे नाहीत असं मी ठरवलंय."

"अगं पण..."

"पुरलं. बास."

"उद्या सातलाच कर."

"सात-बित नाही. इथे झोप चांगली लागते. उठले की करेन."

उठले तर, असं ती म्हणाली नाही. फोन ठेवल्यावर मी शिवणाच्या मशीनवर जाऊन बसले. उद्या फोन किती वाजता येईल ते कोणीच सांगितलं नव्हतं.