झुंबरबाईनं वाचलेला टर्बो

दुसऱ्यानं वापरून टाकलेली वस्तू मी घरात येऊ देत नाही. लग्नात सासऱ्यांनी घड्याळ दिलं, तेव्हाही मी आधी खोक्याचं सील तपासलं आणि मग ते मनगटाला बांधलं. सासरे पुढे महिनाभर हसत होते. असा मी, शंकरराव, जळगाव जामोदचा संत्रा बागायतदार, वय अठ्ठावन्न, एका सोमवारी एसटीत मांडीवर पोतं घेऊन चिखलीला निघालो होतो, जुना माल बघायला. पोत्यात मापासाठी घेतलेला आमच्या गाडीचा जळालेला टर्बो होता. शेजारी खिडकीपाशी माझी मुलगी छकुली बसली होती आणि गेले बारा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

छकुली चोवीस वर्षांची आहे. लायसन्सवरही तिचं नाव छकुलीच आहे, कारण शाळेत नाव घालताना मला दुसरं सुचलं नाही आणि तिच्या आईनं मला त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही. पोरीनं गाड्यांचा डिप्लोमा केला आणि घरच्या जुन्या डिझेल जीपचं इंजिन स्वतः उतरवून स्वतः चढवलं. दोन वर्षांपूर्वी तिनं त्याला मोठा टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनाला जास्तीची हवा पाजणारा पंखा. एका आसावर दोन छोटी चाकं असतात, एक इंजिनाच्या धुरानं फिरतं आणि दुसरं हवा आत ढकलतं. हवा वाढली की ताकद वाढते. दर जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याशी चिखलातून गाड्या काढायची शर्यत होते. गेल्या खेपेला एकोणीस गाड्यांत आमची जीप दुसरी आली. मी दोरीपाशी उभा राहून इतका ओरडलो की दोन दिवस घशातून आवाज निघेना. मी काही तिच्या वाईटावर नव्हतो.

पण बारा दिवसांपूर्वी छकुली देऊळघाटच्या तिच्या मामाकडून परत येताना घाटात गाडीनं निळा धूर ओकला, शिट्टीसारखा आवाज केला आणि जीव सोडला. ओढून घरी आणावी लागली. मी काही विचारलं नाही, थेट निकाल दिला, की पळवून पळवून जाळलीस.

"बाबा, मी चाळीसच्या वर नव्हतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात.

"मले शिकवू नोको," मी म्हणालो, आणि पुढचाही निकाल देऊन टाकला. आता कंपनीचा लहान टर्बो बसेल, नवा, खोक्यातला. जीप संत्र्याचे क्रेट ओढेल. शर्यत संपली.

मोठा नवा मिळत नव्हता, कंपनीनं तो बनवणंच बंद केलं होतं. मोठा हवा तर जुनाच. म्हणजे जुना की नवा हा वाद नुसता वस्तूचा नव्हता; नवा आला की छकुलीचा जानेवारी गेला. तिनं एकच मागणं केलं. चिखलीला झुंबरबाई म्हणून आहेत, जुने टर्बो पारखून विकतात. त्यांच्याकडे एकदा चला. त्यांनी नाही म्हटलं तर लहान टर्बो मी माझ्या हातानं बसवते. मी नाही म्हणणारच होतो, पण माझी बायको अन्नपूर्णा ताट वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "आवो, एक डाव जाऊन या ना." वाढलेलं ताट अर्ध्यात थांबलं की मी फार ताणत नाही.

झुंबरबाईंचं दुकान म्हणजे धान्यबाजाराच्या मागचं पत्र्याचं शेड. बाहेर गंजलेले दरवाजे, बंपर, एक अख्खी बस कापून ठेवलेली. ते पाहूनच माझं डोकं फिरलं. आत मात्र जमीन शेणानं सारवल्यासारखी स्वच्छ होती आणि फळीवर कापडानं झाकलेले टर्बो ओळीनं मांडलेले होते. बाई साठीच्या, लुगड्यावर पुरुषी फुलबाह्यांचा सदरा, चष्मा दोरीनं गळ्यात.

धंदा मूळ त्यांच्या नवऱ्याचा. त्याची नजर गेली, तेव्हा बाई प्रत्येक वस्तू हातात घेऊन काय दिसतं ते त्याला मोठ्यानं सांगायच्या आणि तो त्यावरून वस्तूचं जन्म-मरण सांगायचा. सहा वर्षं असं चाललं. तो गेला, पण बाईंची मोठ्यानं सांगायची सवय गेली नाही. हे छकुलीनं मला बसमध्ये सांगितलं होतं आणि मी "हं" म्हटलं होतं.

"मोठा पाह्यजे, मावशी," छकुली म्हणाली.

"मोठे तीन हायेत. बसा भाऊ."

बाईंनी पहिला समोर ठेवला आणि पात्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "धार गेली. कोनी हवेची जाळी साफ केली नाही. मुरमाच्या रस्त्यानं चालला हा, धूळ खात."

मला तर तो चकचकीत दिसत होता. बाईंनी सरळ माझं बोट धरलं आणि पात्याच्या कडेवर टेकवलं. परक्यानं हात धरलेला मला चालत नाही, पण मी काढला नाही. घासून घासून गेलेल्या विळ्यासारखी ती कड बोथट होती. डोळ्यांना दिसली नव्हती ती धूळ बोटाला कळली.

दुसऱ्याचा आस त्यांनी आत-बाहेर ओढला. इतका बारीक टक असा आवाज आला की मी मान पुढे केली. "याले काळं तेल पाजलं. वेळेवर बदललं असतं तं हा आवाज नसता."

तिसरा त्यांनी तळहातावर घेतला आणि नुसती फुंकर मारली. पंखा फिरायला लागला. आवाज नाही, थरथर नाही, फक्त फिरत राहिला. मी वाट बघत होतो, आता थांबेल, आता थांबेल. तो थांबेना. छकुलीनं श्वास रोखला होता हे मला तिच्या खांद्यावरून कळलं. मग बाईंनी दातांचे डॉक्टर वापरतात तसला लांब दांड्याचा आरसा धुराच्या बाजूनं आत घातला, पाहिलं आणि नाक जवळ नेऊन वासही घेतला.

"लाखावर किलोमीटर झाले याले. कोन चालवत होतं मले ठाऊक नाही. पन थे मानूस गाडी उभी केली का लगेच उतरत नव्हतं. बसत होतं जरासं. टर्बोले दम खाऊ देत होतं."

"हे कसं कळलं तुमाले?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान वाटला.

बाईंनी समजावलं. पळताना टर्बो तापून लाल होतो. इंजिन चालू आहे तोवर तेल त्याच्यातून वाहतं आणि त्याला थंड ठेवतं. तापलेल्या अवस्थेत चावी बंद केली की तेल जागच्या जागी थांबतं आणि कढईला लागलेल्या फोडणीसारखं करपतं. एकदा करपून काही होत नाही. रोज करपलं की थर बसतो. "याच्यात थर नाही. पाहा."

मी आरशात पाहिलं. आतला आस स्वच्छ होता. कोणीतरी, कुठल्यातरी गावात, रोज घरी पोचल्यावर मिनिटभर तसंच बसून राहिलं होतं. ते मिनिट कोणी पाहिलं नव्हतं, पण लोखंडानं ते जपून ठेवलं होतं आणि ही चष्मा दोरीला बांधलेली बाई ते वाचत होती. देवळात मी हात जोडतो, पण मन बाजारभावात असतं. इथे माझं मन कुठेच गेलं नाही. इतका मोठा माणूस समोर बसलाय आणि मी मघाशी तिच्या बंपरांना नाक मुरडत होतो, हे जाणवून मी मांडी सावरून बसलो.

आणि मग मला चेव आला. मी पोत्याची गाठ सोडली. "बाई, आमचाही सांगा. हा कसा मेला?"

"बाबा, राहू द्या ना," छकुली म्हणाली.

मला वाटलं, पोरगी घाबरली. बरं झालं, आता बारा दिवसांचा वाद या बाईच्याच तोंडून मिटेल.

झुंबरबाईंनी आधी पाती चाचपली. "पाती साबूत हायेत. हद्दीच्या बाहेर पळवला असता तं पात्याच्या पाठीवर संत्र्याच्या सालीवानी खरबरीत आलं असतं. काईच नाही."

संत्र्याची साल मला कोणी समजावायला नको. मी पात्याच्या पाठीवर बोट फिरवलं. गुळगुळीत होती.

बाईंनी चार बोल्ट सोडून मधला भाग मोकळा केला आणि खिळ्यानं आत खरवडलं. काळी खपली निघाली. ती त्यांनी बोटावर धरून उजेडात नेली. "थरावर थर हाय. एका दिवसाचं काम नाही, दीड-दोन वर्षाचं हाय. पळवनाऱ्यानं नाही मारला याले. थांबवनाऱ्यानं मारला. चढ चढून तापून आला का चावी बंद, रोज."

आमची बाग तीन किलोमीटरच्या उभ्या चढाच्या टोकाला आहे. जीप रोज सकाळी मी वर नेतो, खताची पोती भरून. चाक थांबलं की माझा हात चावीवर. उभ्या गाडीत डिझेल जळताना मला बघवत नाही. छकुली म्हणायची, बाबा, मिनिटभर थांबत जा. मी म्हणायचो, गाडी काय म्हैस आहे का, रवंथ करू द्यायला? आणि गडी हसले की मला बरं वाटायचं.

झुंबरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोन चालवते ही गाडी?"

मी पोत्याची सुतळी चाचपायला लागलो.

"मीच चालवतो, मावशी," छकुली म्हणाली.

"अन् बंद कोन करते?"

"मीच."

बाईंनी बोटावरची खपली पुसली. मग त्यांनी तिसऱ्या टर्बोवर कापड टाकलं. "मंग पोरी, हा मी तुले नाही देत. राग नोको मानू. तू नवाच घे, खोक्यातला. थो मेला तं दुसरा येईन. हा कोनीतरी जपला हाय. जपनारं गिऱ्हाईक येईन म्हनून मी साल झालं ठेवून राह्यलो."

"बरं, मावशी," छकुली म्हणाली.

एवढंच. तिनं आमचा जळका टर्बो पोत्यात घातला आणि सुतळी गुंडाळायला लागली. एक वर्ष त्या शर्यतीसाठी ती रात्रंदिवस राबली होती आणि ती शर्यत तिनं माझ्यापायी, दोन शब्दांत, एका अनोळखी बाईसमोर सोडून दिली होती. पंखा फुंकरीवर फिरताना पाहून मी चकित झालो होतो. हे पाहून मला जमिनीत जावंसं वाटलं.

"खोटं बोलून राह्यली थे," मी म्हणालो. "बंद मी करतो गाडी. रोज. हिनं मले वीस डाव सांगतलं. मी ऐकलं नाही."

छकुलीचे हात सुतळीवर थांबले. झुंबरबाई सरळ छकुलीकडे वळल्या. "तू किती थांबतं?"

"सपाटीवर एक मिनिट. घाट चढून आलो तं तीन."

बाईंनी कापड काढलं.

चिखलीच्या बसस्टँडवर आम्ही बाकावर बसलो. जुना टर्बो तिच्या मांडीवर होता, ओढणीत गुंडाळलेला.

"काऊन खोटं बोलली?" मी विचारलं.

"घरी मी तुमच्यासंगं भांडतो ना, बाबा," ती खाली बघत म्हणाली. "बाहेरच्या मानसासमोर कसं सांगू?"

पोरीनं गाडी जाळली, हे मी बारा दिवसांत कोणाकोणाला सांगितलं होतं ते मी आठवायला लागलो. चहावाला सहदेव. मंडीतले दोघे व्यापारी. देऊळघाटचा मामा, फोन करून. बागेतले गडी. पंपावरचा पोऱ्या, ज्यानं विचारलंही नव्हतं. मग शर्यत भरवणारे, त्यांना तर मी यादीतून तिचं नाव काढायलाच सांगितलं होतं. बस फलाटाला लागली, छकुली उठली, तरी माझी नावं संपली नव्हती.